कराटेचा पट्टा आणि मनगटावरची पकड

बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: “माझी मुलगी १९ वर्षांची आहे, युनिव्हर्सिटीत कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. सहावीपासून दहावीपर्यंत कराटे शिकली, ब्राऊन बेल्ट आहे. नवरात्रात गरबा खेळून रात्री एक-दीडला मैत्रिणीबरोबर ॲक्टिव्हावरून घरी येते. तिचे बाबा म्हणतात, कराटे येतं तिला, कशाला घाबरतेस. ती दारात दिसेपर्यंत मी गॅलरीतून हलत नाही. खरा प्रसंग आला तर या शिक्षणाचा उपयोग होतो का? की सगळं सोडून दुसरं काही शिकवायला हवं?”

ताई, उपयोग होतो. मी ३१ वर्षं ज्युदो शिकवते आहे. उपयोग होत नसता तर एवढी वर्षं लोकांच्या लेकींना मॅटवर पडायला-उठायला लावलं नसतं. पण चार वर्षांच्या कराटेतून तुमच्या मुलीनं नेमकं काय कमावलं, हे घरात कुणी तिला विचारलेलं दिसत नाही. उत्तराचा बराचसा भाग तिथेच आहे.

आधी माझी गोष्ट सांगते, कारण मी जे शिकवते ते सगळं तिथून निघालं आहे. मी दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढले. आजोबांना व्यायामाचं वेड. बडोद्यातल्या मराठी घरांत ते तेव्हा असायचंच. सयाजीराव महाराजांनी कुस्तीला आश्रय दिलेलं हे गाव, प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचं गाव, गामा पहिलवानानं उचललेला दगड म्युझियममध्ये जपून ठेवणारं गाव. आजोबा पहाटे मला अखाड्यात न्यायचे. मुलगी म्हणून मातीत उतरू देत नसत, पण मल्लखांब करू द्यायचे, आणि मी हौद्याच्या कडेला बसून तासन् तास लढंती बघायचे. चौदाव्या वर्षी ज्युदोला लागले, विसाव्या वर्षी ब्लॅक बेल्ट मिळाला.

मी २३ वर्षांची असताना, डिसेंबरमधल्या एका संध्याकाळी खंडेराव मार्केटमधून भाजी घेऊन निघाले होते. बाजूच्या गल्लीत मागून एक माणूस आला आणि त्यानं माझा डावा दंड धरला. तंबाखूचा वास आला. माझ्या उजव्या हातात मेथीच्या जुड्यांची पिशवी होती. ती पिशवी मी सोडली नाही. मी काहीच केलं नाही. ओरडलेसुद्धा नाही. कान बंद झाल्यासारखे झाले होते आणि मला त्याच्या शर्टाचं एक बटण तेवढं दिसत होतं. कोपऱ्यावर कोथिंबीर विकणारी एक बाई उठली आणि गुजरातीत ओरडली, “एय! मूकी दे एने!” म्हणजे सोड तिला. तो पळाला. सगळं मिळून पाच-सहा सेकंद झाले असतील. त्याच महिन्यात मी एका स्पर्धेत माझ्यापेक्षा जड असलेल्या दोन मुलींना पाठीवर टाकून जिंकले होते.

कित्येक वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. शरम वाटायची. नंतर शरीराबद्दल वाचत गेले, इतर बायकांशी बोलत गेले, तेव्हा कळलं की यात शरमेचं काही नाही. अचानक धोका आला की अॅड्रेनालिन सुटतं, छाती धडधडते, रक्त मोठ्या स्नायूंकडे जातं, बोटं गार पडतात, नजर एका ठिकाणी खिळते, आवाज ऐकू येईनासे होतात. बोटांची नाजूक हालचाल लागणारे डाव त्या वेळी हाताला येत नाहीत. आणि पळणं किंवा लढणं यांच्याआधी शरीर बऱ्याचदा थिजतं. ससा थिजतो तसं. हे तुमच्या मुलीला आत्ताच सांगून ठेवा. कधी थिजली, तर तो तिचा दोष नाही, तिची संमती तर नाहीच नाही.

पण ब्लॅक बेल्टनं माझं थिजणं का थांबवलं नाही? मॅटवर लढत सुरू होण्याआधी आम्ही एकमेकींना वाकून नमस्कार करतो. मग पंच म्हणतो, “हाजिमे”, म्हणजे सुरू करा. समोरची कोण, किती वजनाची, कुठल्या बाजूनं पकडते, हे माहीत असतं. गल्लीत हाजिमे म्हणायला कुणी नव्हतं. नऊ वर्षांत मी हजारो वेळा फेकण्याचा सराव केला होता, पण बेसावध असताना धरलं जाण्याचा सराव एकदाही केला नव्हता. पिशवी टाकण्याचा केला नव्हता. ओरडण्याचा केला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: खऱ्या विरोधासमोर जेवढं केलंय, तेवढंच रस्त्यावर आपल्याबरोबर येतं. बाकीचं वर्गातच राहतं.

अखाड्यातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. आमचे वस्ताद डाव दाखवायचे, त्याची तोड दाखवायचे आणि लगेच जोड लावायचे. ढाक हा डाव कसा मारायचा हे दोन मिनिटांत कळतं. समोरचा तो मारू देत नसताना तो लागायला दोन वर्षं जातात. जपानात ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोदोकान ही आपली शाळा सुरू केली, तेव्हा त्यांनीही हेच केलं. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धविद्येत डोळे फोडायचे, सांधे मोडायचे, घशावर मारायचे असे भयंकर प्रकार होते. ते जोडीदारावर पूर्ण ताकदीनं करता येत नाहीत, म्हणून त्यांचा सराव बहुतेक ठरवून दिलेल्या हालचालींतच व्हायचा. कानोंनी ते खेळातून बाजूला ठेवले आणि पूर्ण जोर लावून रोज करता येतील असे डाव सरावासाठी निवडले. त्या मोकळ्या लढतीला रँडोरी म्हणतात. कमी घातक डाव, पण रोज, आणि ‘करू देणार नाही’ म्हणणाऱ्या माणसावर. विद्यार्थी त्यामुळेच तयार झाले. कुणी तुम्हाला सांगितलं की आमची विद्या इतकी जीवघेणी आहे की तिचा सरावच करता येत नाही, तर त्या वर्गात पैसे भरू नका.

आता तुमच्या मुलीकडे येऊ. तिला शांतपणे विचारा: चार वर्षांत समोरचीनं तुला खरोखर अडवलं, ढकललं, लागेल असं मारलं, असं किती वेळा झालं? आपल्याकडच्या बऱ्याच वर्गांत रांगेत उभं राहून हवेत ठोसे, मग काता (ठरलेल्या हालचालींची मालिका), मग परीक्षा, मग पुढचा पट्टा असं चालतं. लढत असते, पण ती स्पर्श झाला की पंच थांबवतात अशी. ती असं शिकली असेल तर बाबांची खात्री जास्तच आहे. पण चार वर्षं वाया गेली असंही समजू नका. कराटेनं तिला पाय रोवून उभं राहायला शिकवलंय, अंतराचा अंदाज दिलाय आणि एक अशी गोष्ट दिलीय जी ज्युदोत मला कुणी दिली नाही. ती म्हणजे किआई. पोटातून ओरडणं. मला त्या गल्लीत सगळ्यात जास्त गरज होती ती त्याची. तिच्याकडे ते आहे. फक्त ते ठोशाबरोबर बांधलेलं आहे, ते सोडवून वेगळं वापरायला शिकवावं लागेल.

एक प्रकार जवळून दाखवते, म्हणजे फरक लक्षात येईल. मनगट धरलं तर सोडवायचं कसं, हे प्रत्येक शिबिरात शिकवतात. तंत्र सोपं आहे. धरणाऱ्याच्या मुठीत अंगठा आणि बोटांची टोकं जिथे भेटतात ती जागा कच्ची असते. मनगटाची कड त्या फटीकडे वळवायची आणि हात काढून घ्यायचा. पहिल्या दिवशी सगळ्यांना जमतं, कारण मैत्रीण सैल धरते आणि जागच्या जागी उभी राहते. मग मी सत्तर-बहात्तर किलोच्या मुलाला सांगते, धर आणि दाराकडे चालायला लाग. तो चालू लागला की मुलगी आपोआप मागे झुकते, पाय फरशीवर घासत जातात, हात कोपरात सरळ होतो. हात सरळ झाला की त्यात जोर उरत नाही. तंत्र येत असून काही होत नाही. हसू मावळतं. मग मी खरं शिकवते: तो ओढतोय त्याच बाजूला एक पाऊल टाक. जवळ जा. गुडघे वाकव. मोकळ्या हातानं स्वतःची मूठ घट्ट धर. आता कोपर त्याच्या कोपराकडे ने, आणि अंगठ्याच्या फटीतून हात उपस. जवळ गेल्यावर कोपर वाकतं, आणि एकट्या मनगटाऐवजी कंबर आणि खांदे कामाला लागतात. जवळ जाणं मनाला पटत नाही. घाबरलेलं अंग लांबच पळू बघतं. ते पटवायला एक दिवस पुरत नाही, तीन-चार महिने लागतात.

आणि दुसरी चूक त्याहून मोठी. हात सुटला की मुली तिथेच उभ्या राहतात आणि माझ्याकडे बघतात, जमलं का म्हणून. आता आमचा नियम आहे, हात सुटला की पळत जाऊन दाराला हात लावायचा, तोवर डाव पुरा झाला असं धरायचं नाही. सुटणं हे अर्धं काम. निघून जाणं हे पूर्ण काम.

आता वजनाबद्दल. बाबांना एक विचारा: कुस्तीत आणि ज्युदोत वजनगट कशासाठी असतात? ऑलिंपिकमध्ये बायकांच्या ज्युदोत ४८ किलोपासून ७८ किलोच्या वरपर्यंत सात गट आहेत. जगातल्या सगळ्यात तयार खेळाडूंमध्येही चार-पाच किलोंचा फरक इतका भारी पडतो. मग ५२ किलोची मुलगी ८० किलोच्या पुरुषाला दोन लाथांत लोळवेल, हे पडद्यावर ठीक आहे. शिकलेल्या मुलीला चार-पाच सेकंद मिळतात. न शिकलेलीला तेवढे मिळत नाहीत. त्या सेकंदांत लढायचं नसतं, सुटायचं असतं. हातानं मारायची वेळ आलीच, तर मुठीनं डोक्यावर मारू नको म्हणावं. कवटी कठीण, करंगळीमागचं हाड बारीक, ते मोडतं. मुष्टियोद्धे हाताला पट्ट्या गुंडाळतात ते उगाच नाही. तळव्याचा खालचा जाड भाग नाक-हनुवटीवर, किंवा कोपर. आणि कुस्ती-ज्युदोवाल्या मुलींना मी उलटं बजावते: रस्त्यावर कुणाला घेऊन खाली जाऊ नका. मातीत चीत करून जिंकता येतं, डांबरावर त्याचा दुसरा साथीदार उभा असतो.

सगळ्यात उपयोगी शिक्षण कुठलं असं कुणी विचारलं तर मी एक शब्द सांगते: पडणं. हनुवटी छातीला, पाठ गोल, डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही. रस्त्यावरच्या मारामारीत माणसं दगावतात ती पुष्कळदा ठोशानं नव्हे, ठोशानंतर डोकं फुटपाथच्या कडेवर आपटून. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता ४४ वर्षांची, कारेलीबागेत ॲक्टिव्हावरून जात असताना मागून बाइकवर अछोडातोड, म्हणजे गळ्यातली साखळी ओढणारे चोर, आले. साखळी ओढली, गाडी घसरली. वीस वर्षांत तिनं मॅटवर पाऊल ठेवलं नव्हतं. कोपर सोललं, मांडी काळीनिळी झाली, डोकं लागलं नाही. तिनं मला दवाखान्यातून फोन केला आणि म्हणाली, “ताई, हनुवटी आपोआप आत गेली.” (मॅटवर हात आपटून पडतो तसं डांबरावर पडू नये, मनगटाला लागतं. रस्त्यावर गोल होऊन लोळणं बरं. आम्ही दोन्ही शिकवतो.) अछोडा किंवा पर्स ओढली तर सोडून द्यायची, धरून ठेवायची नाही, हेही मुलीला सांगा. चालत्या गाडीमागे फरफटत जाण्याइतकं सोनं कुणाच्या गळ्यात नसतं.

चाकूबद्दल फार लिहीत नाही. १९८३ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीतले पोलिस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी मांडलं होतं, की चाकू घेतलेला माणूस २१ फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर अंतर दीड सेकंदात पार करतो. कमरेला पिस्तूल लावलेल्या शिपायालासुद्धा ते काढून नेमकं मारायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. मग मोकळ्या हातानं चाकू हिसकावण्याचे डाव दोन दिवसांच्या शिबिरात शिकवणाऱ्यांना काय म्हणावं! चाकू दिसला तर पर्स त्याच्यापासून लांब फेकायची, मध्ये गाडी, हातगाडी, जे असेल ते ठेवायचं आणि उलट दिशेला पळायचं. मिरीच्या स्प्रेचंही तसंच. जवळ बाळगायला हरकत नाही, पण पर्सच्या तळाशी असलेला स्प्रे नसल्यासारखाच. मी वर्गात सगळ्यांना आपापल्या पर्समध्ये तो ठेवायला लावते, आणि सहा मीटरवरून चालत येते. धावत नाही, चालत. मी पोचेपर्यंत बहुतेकींचा हात रुमाल-कंगव्यातच असतो.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसले ते.

तुम्ही गॅलरीत उभ्या राहता ते अनोळखी माणसाच्या भीतीनं. ती भीती खोटी नाही. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं एकच सांगतात: बलात्काराच्या नोंदल्या गेलेल्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी मुलीच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र, लग्नाचं वचन देणारा. तिथे मनगट सोडवण्याचा डाव फार उशिरा येतो. त्याआधी पन्नास छोट्या गोष्टी घडून गेलेल्या असतात, आणि त्या प्रत्येक ठिकाणी मुलगी संकोचानं गप्प राहिलेली असते.

कॅनडात शार्लीन सेन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या सुमारे ९०० मुलींवर एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या मुलींना बारा तासांचं शिक्षण दिलं, निम्म्यांना नेहमीची माहितीपत्रकं. वर्षभरानंतर माहितीपत्रकवाल्यांपैकी ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला होता, शिकलेल्यांपैकी ५.२ टक्के. बारा तासांत जवळजवळ निम्म्यानं फरक. त्या बारा तासांत हातापायांचा बचाव होता, पण तो एक भाग. बाकीचा वेळ कशात गेला? ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका लवकर ओळखणं, ‘असं वाटणं बरोबर आहे का’ हा स्वतःवरचा संशय बाजूला सारणं, आणि नातं बिघडेल या भीतीवर मात करून ठाम विरोध करणं.

हे वाचल्यावर मी वर्गात एक नवीन सराव सुरू केला. मी ‘काका’ होते. लग्नघरातले, वडिलांच्या ओळखीचे, गाडी असलेले. “चल गं, मी सोडतो घरी.” मुलीनं नाही म्हणायचं. मी सोडत नाही. “अगं एवढं काय? तुझ्या बाबांना मी लहानपणापासून ओळखतो. रात्र झालीय. रागावलीस का माझ्यावर?” आणि बोलता बोलता खांद्यावर हात ठेवते. ताई, ज्या मुली मॅटवर मुलांना उचलून आपटतात, त्या इथे दुसऱ्या वाक्याला पडतात. हसतात. “नाही काका, तसं नाही, मैत्रीण येतेय…” म्हणत कारणं देतात. कारण दिलं की काका ते कारण खोडतात, आणि मग मुलीकडे काही उरत नाही. मोठ्यांना उलट उत्तर द्यायचं नाही, हे आपण आपल्या मराठी घरांत लेकींना इतकं घट्ट शिकवलेलं असतं, की कुठल्याही पकडीपेक्षा ती पकड सोडवायला अवघड. मी शिकवते: हसू नकोस. कारण देऊ नकोस. “नाही काका, मी येत नाही.” पुन्हा विचारलं तर तेच वाक्य, तेवढ्याच आवाजात. “हात काढा.” आणि दोन पावलं मागे. हे पंधरा-वीस वेळा करावं लागतं. एक मुलगी, आडदांड, राज्यस्तरावर खेळलेली, सातव्या वेळी “हात काढा” म्हणाली आणि रडायला लागली. मी काही विचारलं नाही. वर्गातल्या बाकीच्या मुलींनीही विचारलं नाही. त्या तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

हाही खऱ्या विरोधासमोरचाच सराव आहे. फक्त इथे अंगाऐवजी आवाज झगडतो.

ओरडण्याच्या भाषेचंही बघा. आपल्या मुली घरात मराठी बोलतात आणि दचकल्या की “आई गं” म्हणतात. बडोद्याच्या रस्त्यावर त्यानं काही होत नाही, लोकांना वाटतं पाय मुरगळला. मी “छेटा रहो!”, म्हणजे लांब राहा, असं म्हणायला लावते. गुजराती, दोन शब्द, आणि अहोजाहोत, म्हणजे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळतं की हा माणूस हिच्या ओळखीचा नाही आणि हे घरचं भांडण नाही. त्या कोथिंबीरवाल्या बाईंनी मला वाचवलं ते चार शब्दांनी.

कायद्याची काळजी अनेक पालकांना असते, की मुलीनं कुणाला मारलं तर तिच्यावरच केस होईल का. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी संरक्षणाच्या हक्काची आहेत. जुन्या दंडविधानात ती ९६ ते १०६ होती. थोडक्यात: धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो, पहिला फटका खाण्याची वाट बघावी लागत नाही. भीती संपली की हक्कही संपतो, म्हणजे तो पळत असताना मागे धावून मारलं तर तो बचाव धरला जात नाही. बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा प्रसंगी मात्र समोरच्याचा जीव गेला तरी कायदा हा हक्क मान्य करतो. नंतर ११२ ला किंवा गुजरातच्या महिला हेल्पलाइनला, १८१ अभयमला, फोन करायचा, आणि समोरच्यानं करण्याआधी आपण करायचा.

घरात मुलगा असेल तर त्याच्यासाठी वेगळं सांगते. मुलगे मार खातात ते बहुतेक वेळा गाडीला कट मारला, नजरेला नजर दिली, मित्रासमोर मागे कसं हटायचं, असल्या कारणांनी. मातीत रोज हरणाऱ्या मुलाला रस्त्यावर जिंकून दाखवायची खुमखुमी कमी असते. अखाड्याचा एवढा उपयोगही मी मोठा मानते.

मग तुमच्या मुलीनं काय करावं? कराटे सोडायची गरज नाही. पण आता ज्या वर्गात जाईल तिथे आधी एक तास बाकावर बसून बघा. जोड लागते का, मुली घामाघूम होतात का, मुलांबरोबर सराव होतो का, हरलेलीला पुन्हा उभं करतात का, आणि सर ‘नको’ म्हटल्यावर थांबतात का. ज्या वर्गात शिक्षकालाच ‘नको’ म्हणता येत नाही, तिथे बाहेरच्याला म्हणायला कशी शिकेल? ज्युदो, कुस्ती, मुष्टियुद्ध, पूर्ण जोराचं कराटे, काहीही चालेल. आठवड्यातून तीन दिवस, निदान एक वर्ष. शाळा-कॉलेजांतल्या छोट्या शिबिरांना मी नावं ठेवत नाही, तिथून सुरुवात होते, पण तिथे संपलं तर काही अंगात राहत नाही.

गरबा बंद करू नका. घागऱ्याची किनार ॲक्टिव्हाच्या चाकात जाऊ नये म्हणून आत चुडीदार, पायात पळता येतील अशा चपला, निघताना फोन, आणि मैदानाच्या पार्किंगपासून मोठ्या रस्त्यापर्यंत दोन गाड्या बरोबर. तो पार्किंगचा अंधारा तुकडाच काय तो जपायचा.

आणि आज रात्री जेवणं झाली की तिच्या बाबांना सांगा, हॉलमध्ये तिचं मनगट धरा आणि खरंच ओढत दाराकडे चालायला लागा. मुलीला सांगा, सुटायचं आणि “छेटा रहो” म्हणून ओरडायचं, शेजारच्यांना आधी कळवून ठेवा. पहिल्यांदा ती हसेल आणि बाबा लगेच सोडतील. त्यांना सांगा, ती हसायची थांबेपर्यंत सोडू नका.